कुत्ना होरा एका दिवसात कसं बघाल

कुत्ना होरा हे चेक प्रजासत्ताकातलं चांदीच्या खाणींचं जुनं गाव. प्रागहून सकाळचीच ट्रेन धरा, साधारण तासाभराचा प्रवास. मुख्य स्टेशन गावाबाहेर सेडलेत्समध्ये आहे, म्हणून तिथलं माणसांच्या हाडांनी सजवलेलं चॅपल आधी उरकून घ्या. आत फोटोला बंदी आहे. बरंच आहे म्हणा, माणसं निदान डोळ्यांनी बघतात. मग लोकल गाडीने गावात शिरा.

खरा वेळ जुन्या टांकसाळीला द्या. इथल्या चांदीच्या जोरावर राजा दुसऱ्या वेन्सेस्लासने १३०० मध्ये ‘प्राग ग्रोशेन’ ही चांदीची नाणी पाडायला घेतली. पुढे सेंट बार्बरा चर्च. काम सुरू झालं १३८८ मध्ये, संपलं १९०५ मध्ये! आत पांढऱ्या झग्यातल्या खाणकामगाराचा पुतळा शोधा. चर्चमधल्याच एका छोट्या चॅपलच्या भिंतीवर नाणी पाडणारे कारागीर रंगवलेत. राजेरजवाड्यांपेक्षा मला तेच बघायला आवडतात.