खाण्यापिण्याबद्दलचा आरोग्याचा दावा आला की तो तपासायचा कसा

अमुक गोष्ट रोज उपाशीपोटी खा, तमुक आजार मुळापासून जाईल, असा मेसेज आला नाही असा आठवडा जात नाही. कधी लिंबू, कधी लसूण, कधी दालचिनी, कधी नुसतं कोमट पाणी. पाठवणारी माणसं आपलीच असतात, काळजीपोटी पाठवतात, त्यामुळे "हे सगळं खोटंच असतं" म्हणून सोडून देणं मला पटत नाही, आणि ते खरंही नाहीये, कारण त्यातले काही दावे एकदम खरे असतात, काही अर्धे खरे असतात आणि काही जीवावर बेतणारे असतात. ते वेगळे कसे काढायचे ते लिहितेय. मेडिकलचं शिक्षण लागत नाही, थोडा वेळ आणि थोडा चिवटपणा लागतो.

पहिलं काम म्हणजे तो दावा स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहून काढा. "लिंबू कॅन्सरवर रामबाण" यात तपासण्यासारखं काही नाहीच. कुणी खायचं, किती खायचं, किती दिवस, न खाणाऱ्यांपेक्षा काय वेगळं झालं, आणि ते वेगळं झालेलं कशात मोजलं? गाठ लहान झाली, माणूस जास्त जगला, का नुसतं फ्रेश वाटलं? एवढं विचारायला लागलं की निम्मे मेसेज तिथेच गळतात, कारण उत्तर देण्याइतका मजकूरच त्यात नसतो.

आता हे लिंबाचंच नीट करून बघू. मेसेजमध्ये साधारण असं असतं की लिंबू पोटात गेलं की अल्कलाइन (म्हणजे ॲसिडच्या उलट) होतं, त्याने रक्त अल्कलाइन होतं, आणि कॅन्सर फक्त ॲसिडिक शरीरात वाढतो. यात तीन वेगळे दावे आहेत, ते सुटे करून घ्यायचे. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती ॲसिडिक का अल्कलाइन याचं माप, ७.३५ ते ७.४५ या अगदी छोट्या पट्ट्यात असतो आणि शरीर तो तिथेच धरून ठेवतं, फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, किडनी जास्तीचं ॲसिड लघवीतून काढते. खाण्याने बदलतो तो लघवीचा पीएच, म्हणून टेस्टची पट्टी लघवीत बुडवली की रंग बदललेला दिसतो आणि माणसाला वाटतं बघा, शरीर बदललं. रक्ताचा पीएच खरंच त्या पट्ट्याच्या बराच बाहेर गेला तर माणूस बहुतेकदा आयसीयूमध्ये असतो. राहिला कॅन्सरचा भाग. गाठीच्या आजूबाजूला आम्लता जास्त असते हे खरंय, पण ती कॅन्सरच्या पेशी स्वतःच लॅक्टिक ॲसिड सोडून तयार करतात. म्हणजे मेसेजने कारण आणि परिणाम उलटे लावलेत! आणि लिंबू तरीही चांगलंच आहे हो, त्यात व्हिटॅमिन सी आहे, त्याने भाज्या-कडधान्यांमधलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं, काही प्रकारच्या मूतखड्यांमध्ये त्यातलं सायट्रेट कामाचं असतं. एवढं चांगलं असलेल्या फळाला खोटी पदवी कशाला द्यायची.

एखादा पदार्थ खरंच काम करतो का हे बघायचं कसं, याचं मला आवडणारं उदाहरण १७४७ सालचं आहे. जेम्स लिंड नावाचा ब्रिटिश नौदलातला डॉक्टर, सॅलिस्बरी नावाचं जहाज, आणि स्कर्व्ही झालेले १२ खलाशी, हिरड्या सडलेल्या, अंगावर डाग, पायात त्राण नाही. लिंडने सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, रोजचं जेवण सारखं दिलं, आणि मग दोन-दोनच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. एकाला सफरचंदाची सायडर, एकाला व्हिनेगर, एकाला पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड, एकाला चक्क समुद्राचं पाणी, एकाला मसाल्यांचं चाटण आणि एका जोडीला संत्री आणि लिंबं. फळं सहा दिवसांत संपली पण तोवर त्या दोघांतला एक जण कामावर जायच्या लायकीचा झाला होता. बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी, तुमच्याकडे आलेल्या दाव्यामागे अशी तुलना आहे का तेवढं शोधायचं.

याच गोष्टीत अजून एक आहे जे फार लोक विसरतात. लिंबाने स्कर्व्ही बरी झाली कारण स्कर्व्ही म्हणजेच व्हिटॅमिन सीची कमतरता. कमतरता असेल तर पदार्थ चमत्कार करतो, कमतरता नसेल तर तोच पदार्थ दुप्पट खाऊन दुप्पट फायदा होत नाही. गाजराचं तसंच, व्हिटॅमिन ए कमी पडून रातांधळेपणा आला असेल तर गाजराने फरक पडेल, पण चष्म्याचा नंबर गाजराने उतरत नाही.

आणि जास्त घेतल्याने नुकसान होऊ शकतं का? होऊ शकतं. गाजरात बीटा कॅरोटीन असतं, शरीर त्यापासूनच व्हिटॅमिन ए बनवतं. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीनही जास्त होतं, म्हणून संशोधकांना वाटलं की हेच ते. मग फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, काहींना बीटा कॅरोटीनची गोळी, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के *जास्त* निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मधेच थांबवावी लागली. म्हणून "अमुक खाणाऱ्यांमध्ये तमुक आजार कमी आढळला" असं वाचलं की लगेच पुढचं विचारा, हे लोक अजून काय काय वेगळं करतात? भाज्या जास्त खाणारा माणूस बहुतेकदा सिगरेट कमी ओढतो, चालतो जास्त, डॉक्टरकडे वेळेवर जातो. फायदा नेमका कशाचा ते नुसतं बघून कळत नाही.

प्रयोग कशावर झाला ते बघा. "लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मेल्या" हे वाक्य दिसलं की कान टवकारा. काचेच्या बशीतल्या पेशींवर थेट ओतलं तर मिठाचं दाट पाणी पण त्यांना मारतं. तोंडातून खाल्लेली गोष्ट पचून, लिव्हरमधून जाऊन, रक्तात किती उरते आणि तिथपर्यंत पोचते का हा सगळा प्रवास बशीत नसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत पण डोस बघा, माणसाच्या वजनाला तेवढं खायचं म्हटलं तर बऱ्याचदा ते शक्यच नसतं.

माणसांवर झाला असेल तर किती माणसांवर? २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने हे मुद्दाम करून दाखवलं. जेमतेम १५ लोक, त्यातल्या काहींना चॉकलेट, तीन आठवडे, आणि मोजल्या १८ गोष्टी, वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. थोडी माणसं आणि खूप मोजमापं असली की काहीतरी एक योगायोगाने जुळतंच, त्याच्या प्रयोगात वजन जुळलं, आणि "चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं" ही बातमी कितीतरी देशांत छापून आली. त्याने नंतर स्वतःच सगळं उघड केलं. प्रयोग खरा झाला होता, जर्नलमध्ये छापला पण होता, तरी निष्कर्ष पोकळ होता. त्यामुळे "रिसर्चमध्ये सिद्ध झालंय" एवढ्यावर थांबू नका, एका अभ्यासाऐवजी सगळे अभ्यास एकत्र करून बघणारा रिव्ह्यू शोधा. पदार्थाचं नाव, आजाराचं नाव आणि सोबत "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" किंवा "कॉक्रेन" (असे रिव्ह्यू करणारी संस्था) असं इंग्लिशमध्ये टाकून सर्च करा, कॉक्रेनच्या रिव्ह्यूंना साध्या भाषेतला सारांश असतो, तो वाचला तरी पुरे. उदाहरण म्हणजे सर्दी आणि व्हिटॅमिन सी. रोज नेमाने घेतल्याने सामान्य लोकांना सर्दी व्हायची काही थांबत नाही, मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्के लवकर आवरते म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस, आणि सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढाही फायदा ठामपणे दिसत नाही.

टक्क्यांचं मात्र नीट समजून घ्या, इथे भलेभले घाबरतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात टाकलं आणि लगेच "सॉसेज सिगरेटइतकंच घातक" अशा हेडलाइन्स आल्या. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. धोक्याचा आकडा होता रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी जास्त. आता हे १८ टक्के कशाचे? समजा १०० लोकांपैकी ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. ५ चे १८ टक्के म्हणजे ०.९, म्हणजे रोज तेवढं खाणाऱ्या १०० लोकांमध्ये ५ च्या जागी साधारण ६. ही वाढ खरी आहे, कमी खाल्लेलं बरंच, पण १०० पैकी १८ नव्हेत. टक्क्यात वाढ दिसली की "मुळात किती होतं" हे विचारायचंच, ते दिलेलं नसेल तर घाबरायचंही नाही आणि आनंदायचंही नाही.

"अहो पण मला स्वतःला फरक पडला" याला काय म्हणायचं? त्या माणसाला खोटं पाडू नका, पण सर्दी, पाठदुखी, पित्त, खाज हे आपसूक कमी-जास्त होतं, आणि आपण उपाय करतो ते त्रास सगळ्यात जास्त असताना, त्यामुळे नंतर बरं वाटणं तसंही ठरलेलं असतं. शिवाय अपेक्षा पण खूप काही दाखवते. साखरेने मुलं उधळतात हे सगळ्या आयांना पक्कं माहीत असतं, तर १९९४ च्या एका प्रयोगात ५ ते ७ वर्षांच्या मुलांच्या आयांना सांगितलं की मुलाला साखर दिलीये, प्रत्यक्षात दिलं होतं बिनसाखरेचं गोड पेय. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, त्या मुलांना जास्त टोकत होत्या. साखर पोटात गेलेलीच नव्हती! साखर कमी द्यावीच, दातांसाठी आणि वजनासाठी, पण उधळण्याचं खापर तिच्यावर नको.

आता खरे दावे, कारण सगळ्यावर अविश्वास ठेवून पण चालत नाही. मीठ कमी केल्याने बीपी उतरतं हे पक्कं आहे, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओट्समधल्या बीटा ग्लुकॅन नावाच्या फायबरने, रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर, एलडीएल म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हेही खरं, बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, बोटाला लावून चाटवणं पण नको.

आणि औषधांशी होणारी गाठभेट. हा भाग जरा सावकाश वाचा. ग्रेपफ्रूट, संत्र्याच्या कुळातलं मोठं फळ, आतड्यातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्या रक्तात प्रमाणाबाहेर वाढतात. हा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो म्हणून "गोळी रात्री, ज्यूस सकाळी" ही पळवाट चालत नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात पण अचानक वाढवायच्या किंवा सोडायच्याही नसतात, प्रमाण सारखं ठेवायचं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं की बीपी वाढू शकतं आणि पोटॅशियम उतरतं. किडनीच्या पेशंटला स्टारफ्रूट अगदी थोडं पण विषारी ठरू शकतं, आणि "हेल्दी" म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ पण, कारण त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. कडू जर्दाळूच्या बिया कॅन्सरवर म्हणून "व्हिटॅमिन बी १७" नावाने खपवल्या जातात. असं कुठलंही व्हिटॅमिन नाही आणि त्या बियांमधून पोटात सायनाइड तयार होतं. "नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तर तोटा तरी काय" हे वाक्य मला म्हणूनच फार धोक्याचं वाटतं.

घरातल्या कुणी पाठवलं तर उत्तर काय द्यायचं? ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडून काढू नका, माणूस दुखावतो आणि अजून हट्टाला पेटतो. वेगळा फोन करा आणि आधी एकच विचारा, "काका, लिंबूपाणी घ्या खुशाल, पण शुगरची गोळी चालू आहे ना?" चालू असेल तर बाकीचं सावकाश बोलता येतं. बंद केली असेल तर वाद बाजूला ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावा, आणि राहिलेले डोस एकदम घ्यायला सांगू नका, काही गोळ्या डॉक्टर कमी डोसपासून परत सुरू करतात. फोन लावायच्या आधी गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची आहे, किती दिवसांपासून बंद आहे आणि त्याऐवजी काय काय घेतलं जातंय ते कागदावर उतरवून घ्या, पावडर, काढे, बिया सगळं, पाकीट असेल तर त्याचा फोटोही काढून ठेवा.