कुणाचा थीसिस तपासायला बसलात तर इंग्रजी व्याकरण शेवटी बघा

"सर, जरा इंग्लिश बघून द्या ना" म्हणत पोरं चॅप्टर घेऊन येतात आणि आपण लगेच लाल पेन काढतो, तेवढं नका करू. बारावीपर्यंत मराठी मीडियम, बीए पण मराठीतून, आणि मग पीएचडीला एकदम दोनशे पानं इंग्रजीत, मराठवाड्यात अशी लई पोरं आहेत. त्यांचं घोडं इंग्रजीपेक्षा मांडणीत जास्त अडतं.

आधी कागद उलटा ठेवायला सांगायचं आणि विचारायचं, "या पॅरात काय सांगायलीस गं? मराठीत सांग." समजा पोरगी बीडच्या ऊसतोड कामगारांवर लिहायलीय. कागदावर दुष्काळ, सिंचन नाही, मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता (म्हणजे मजुरांची एक जोडी), पोरांची शाळा बुडणं, सगळं एकाच आठ ओळींच्या वाक्यात कोंबलेलं असतं. तोंडी विचारलं की मात्र पटकन सांगते, "उचल आधीच घेतलेली असते सर, मग मजुरी परवडत नसली तरी हंगाम अर्धा सोडून येता येत नाही." झालं की! हेच पॅराचं पहिलं वाक्य. ते तिलाच इंग्रजीत लिहू द्या, साधं का असेना, 'वर्कर्स हू टेक ॲन ॲडव्हान्स कॅनॉट लीव्ह बिफोर द सीझन एंड्स.' मग त्याखाली उचल कशी मिळते, कशी फिटते, मुलाखतीत कोण काय बोललं ते येऊ द्या. दुष्काळ आणि सिंचन दुसऱ्या पॅरात ढकला.

वाक्य लांबतात कारण मराठीत आपण जाऊन, घेऊन, करून असं लावत जातो आणि क्रियापद शेवटी आलं तरी कुणाचं काही अडत नाही, इंग्रजीत कर्ता एकीकडे अन् क्रियापद दोन ओळी खाली गेलं की वाचणारा हरवलाच समजा. म्हणून दोन्हींखाली रेघ मारायला लावा, मधे दहा-बारा शब्द दिसले की वाक्य तोडायचं.

प्रस्तावनेसाठी भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तीन पायऱ्या पुरतात: विषय महत्त्वाचा का, आधीच्या अभ्यासात काय राहून गेलंय, आणि मी त्यातलं काय करतोय. आपल्याकडं पहिल्या पायरीवरच निजामाच्या राजवटीपासून सुरुवात होते, चाळीस पानं होतात आणि दुसरी पायरी येतच नाही, खरं तर गाईडला आणि परीक्षकाला तीच बघायची असते.

आता व्याकरण. सगळ्या चुका दाखवू नका, पोरगं घाबरून लिहायचंच बंद होतं. परत परत येणाऱ्या दोन-तीन निवडा, 'डिस्कस अबाउट', 'इन्फर्मेशन्स', एकाच पॅरात भूतकाळ-वर्तमानकाळाची खिचडी वगैरे, आणि ओळीच्या बाजूला नुसती खूण करा, चूक त्यानंच शोधायची. 'ए' आणि 'द'च्या मागं सुरुवातीला लागू नका, त्यानं अर्थ सहसा बिघडत नाही. पण वीस मुलाखती घेऊन 'धिस प्रूव्ह्ज' लिहिलं असेल तर लगेच पकडा, तिथं 'सजेस्ट्स' पाहिजे.

इंग्रजीच्या भीतीनंच पोरं शोधगंगेवरून, म्हणजे जुने थीसिस ऑनलाइन ठेवलेले असतात तिथून, मजकूर उचलतात, हे तर आपल्याला माहीतच आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० ला जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून परत द्यावं लागतं, ६० च्या वर थेट रजिस्ट्रेशन रद्द. पण टक्का खाली आणायला नुसते शब्द बदलून सांगाडा तोच ठेवला तर तीही चोरीच आहे बरं का. त्यापेक्षा वाचायचं, पुस्तक मिटायचं, मराठीत दोन ओळी टिपायच्या, पान नंबर लगेच टाकायचा आणि इंग्रजी त्या टिपणावरून लिहायचं. वाक्याचे साचे पाहिजे असतील तर मँचेस्टर युनिव्हर्सिटीची अकॅडमिक फ्रेजबँक ऑनलाइन फुकट आहे, ती वापरण्यासाठीच बनवलीय.

आणि कितीही दया आली तरी पॅरा स्वतः लिहून देऊ नका, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तुम्ही शेजारी बसणार नाहीत. एका बैठकीत दोन पानं बास. पुढच्या वेळी ती दोन पानं दुरुस्त करून आणली नसतील तर चहा पाजा आणि परत पाठवा.