अक्कलदाढ काढण्याआधीची खाण्याची तयारी

पुढच्या आठवड्यात माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ निघणार आहे. डावीकडची काढली तेव्हा खाण्याची तयारी म्हणून मी आइस्क्रीमचे दोन डबे आणून ठेवले होते, बस. दुसऱ्या रात्री उघड्या फ्रीजसमोर उभी राहून भुकेने रडायचीच बाकी होते. म्हणून ही यादी, आधी स्वतःसाठी आणि मग ज्यांची पाळी यायची आहे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी छोटा चमचा. हसू नका. तान्ह्या बाळाला भरवायचा असतो तो, चपटा, शक्यतो मऊ कडेचा. खालची अक्कलदाढ काढली की जबडा आखडतो. माझ्या तोंडात जेमतेम एक बोट जात होतं. नेहमीचा चमचा दातांवर आपटून परत यायचा आणि सूप हनुवटीवरून थेट गळ्यापर्यंत. खायला होतं, भूकही होती, पण आत न्यायला वाट नव्हती. मग हुशारी करून मी स्ट्रॉ शोधली. नशीब, घरच्यांनी हातातून काढून घेतली.

स्ट्रॉ का नाही, ते नीट समजून घ्या. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच खालच्या हाडाचं झाकण असते. ओढून पिताना तोंडात जो दाब पडतो त्याने ती सुटू शकते. मग हाड उघडं पडतं आणि कळा कानापर्यंत जातात. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. जोरात थुंकणं आणि सिगारेट यांनीही हेच होतं. पहिले 24 तास चूळसुद्धा भरायची नाही. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, हलकेच घोळवायचं आणि पाणी तोंडातून आपोआप पडू द्यायचं.

स्वयंपाक आदल्या दिवशी. त्या दिवशी जमणार नाही. दातांत कापसाची घडी असते आणि अर्धा चेहरा बधिर असतो. सूप, डाळ, कुस्करलेला बटाटा किंवा भोपळा असं करून एकेका वाटीपुरतं गोठवून ठेवा. मिक्सरमधून काढलेलंही एकदा गाळून घ्या, गुठळी राहतेच. सगळं गुळगुळीत हवं, नाहीतर छोट्या चमच्यावर बसत नाही. (चमचा घेतला का?)

बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत गरम काही नाही. ओठ चावला गेलेला कळत नाही, भाजलेलाही नाही. माझ्या गालाच्या आतला चावा दाढेच्या खड्ड्यापेक्षा जास्त दिवस झोंबत होता. पहिल्या दिवशी दही, थंड दूध, कुस्करलेलं केळं, निववलेलं सूप. आइस्क्रीम चालेल, पण त्यात सुकामेवा नको.

खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सूज तेव्हाच सगळ्यात जास्त असते, घाबरू नका. आणि गोडाची तेव्हाच शिसारी येते. माझ्या घरात खारट, पोटभरीचं असं काहीच नव्हतं. एरवीसुद्धा 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 48 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि जखम भरायची असताना त्यात काटकसर नको. एका अंड्यात सहा ग्रॅम. तेव्हा लोणी घालून मऊ परतलेली अंडी, घट्ट दही, कुस्करलेलं पनीर, डाळीचं गाळलेलं सूप, वाफवलेला मासा (काटे दोनदा तपासा), दुधात कालवलेलं गुळगुळीत पीनट बटर. बटाट्यात लोणी सढळ हाताने घाला, घास मोजकेच जाणार आहेत. तिखट नको. संत्र्याचा रस आणि टोमॅटोचं सूप झोंबतं. स्ट्रॉबेरी, किवी, तीळ अजिबात नको, ते दाणे खड्ड्यात जाऊन बसतात. मोकळा भातही तसाच. खायचाच तर आसट करून, घोटून.

गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका, विशेषतः आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी. निदान चार चमचे दही आधी. कुठल्या चमच्याने, ते सांगायला नको. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर दारू बंद, आणि तोंडाला लोखंडासारखी चव येईल, तो स्वयंपाकाचा दोष नाही. मधुमेह असेल तर खाण्याचं आणि औषधांचं गणित डॉक्टरांना आधीच विचारा, दुसऱ्या रात्री नाही. पाणी प्या. मऊ खाण्यात चोथा कमी असतो, त्यामुळे पोट अडतं. ओट्स आणि शिजवलेलं सफरचंद ठेवा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मऊ पास्ता, उकडलेल्या भाज्या, दुसऱ्या बाजूने. जीभ खड्ड्यात घालायची नाही. कुरकुरीत आणखी आठवडाभर तरी नाही, पॉपकॉर्न तर नावही काढू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं, तोंडाला घाण वास आला, तर पदार्थ बदलत बसू नका, सरळ फोन करा. बाकी वेळापत्रक डॉक्टरांच्या कागदावर असतं.

चमचे तीन घ्या. एक नेहमी धुवायला पडलेला असतो आणि एक कुणीतरी चहाला पळवतं.