कोड लिहिण्याआधी आकडा विचारा

टेक्निकल मुलाखतीत प्रश्न ऐकताच कीबोर्डकडे धावू नका. आधी विचारा, ‘इनपुट, म्हणजे प्रोग्रामला मिळणारी यादी, जास्तीत जास्त किती मोठी असेल?’ उत्तर १ लाख आलं, तर लुपात लूप टाकणारा, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी पूर्ण यादी पुन्हा चाळणारा उपाय १,००० कोटी पायऱ्यांवर जातो. तो तिथेच बाद. सॉर्टिंगवर, म्हणजे यादी आधी क्रमाने लावण्यावर बेतलेला उपाय साधारण १७ लाखांत आटोपतो. हा हिशेब मनातल्या मनात नको, मोठ्याने करा. समोरच्याला तुमचा विचार ऐकायचा असतो, आणि पाठ केलेलं उत्तर त्याला बहुधा कळतंच. आकडा शंभरेकच निघाला, तर साधा उपाय बिनधास्त लिहा. यादी रिकामी आली तर, आकडे पुन्हा आले तर काय, हेही तेव्हाच विचारून घ्या. घरी सराव करताना ऑटोकम्प्लीट, म्हणजे कोड आपोआप पुरा करणारी सोय, बंद ठेवा. मुलाखतीच्या एडिटरमध्ये ते बरेचदा नसतं.