क्रेडिट कार्डची फसवणूक : ओटीपी सांगून बसल्यानंतरचा उशीर आणि इतर चुका

आखाजीनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी अमळनेरच्या माझ्या मामांना बँकेच्या नावाने फोन आला. कार्डची लिमिट वाढवून देतो, असे सांगून बोलणाऱ्याने कार्डचा क्रमांक, मुदत आणि मागचा सीव्हीव्ही हा गुप्त आकडा विचारून घेतला आणि शेवटी ओटीपीही घेतला. पाचच मिनिटांत ३८,४०० रुपये खर्च झाल्याचा संदेश आला. फसलो, हे मामांना तेव्हाच कळले होते. परंतु उद्या रविवार आहे, सोमवारी शाखेत जाऊन साहेबांना भेटू, असे ठरवून ते गप्प बसले आणि घरात कोणाला कळू नये म्हणून त्यांनी मामींनाही काही सांगितले नाही. रविवारी त्याच कार्डावर परदेशी संकेतस्थळांवर आणखी दोन खरेद्या झाल्या आणि त्यांना ओटीपी लागलाच नाही. मागच्या वर्षी दुबईला जाताना सुरू केलेला परदेशी व्यवहारांचा पर्याय बंद करायचा राहून गेला होता.

ओटीपी सांगणे ही चूक होतीच. मात्र त्याहून मोठी चूक मला त्या दीड दिवसाच्या गप्प बसण्यात दिसते, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ओळखीच्या अनेक घरांत हीच चूक होताना मी पाहिली आहे. ‘आपणच ओटीपी दिला, आता तक्रार करून काय उपयोग?’ हा समज चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंतच त्याच्यावर राहते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. मामांनी शनिवारी रात्री फोन केला असता, तर नंतरच्या दोन रकमांचा भार त्यांच्यावर आला नसता.

याच्या उलट समजही तितकाच घातक आहे. ‘मी ओटीपी कोणाला दिला नाही, म्हणजे माझे पैसे सुरक्षित आहेत’, असे मानून लोक अनोळखी व्यवहाराचा संदेश बाजूला सारतात. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्याच कोणाच्या हातून माहिती फुटून व्यवहार झाला असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारी शून्य असते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डासाठी ग्राहकावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा आणि त्याहून मोठ्या लिमिटसाठी २५,००० रुपयांचा भार येऊ शकतो. सात दिवस उलटले, की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते.

शाखा उघडण्याची वाट पाहू नका

कार्डच्या मागे छापलेला क्रमांक दिवसरात्र चालतो. काही कारणाने तो लागत नसेल, तर बँकेच्या अधिकृत ॲपमधून कार्ड ताबडतोब ब्लॉक करावे. परंतु कार्ड ब्लॉक केले म्हणजे तक्रार झाली, असे समजू नये. ब्लॉक केल्याने पुढचे व्यवहार थांबतात; झालेल्या व्यवहाराविषयी ‘हा मी केलेला नाही’, अशी वेगळी तक्रार नोंदवावी लागते आणि तिचा क्रमांक, तारीख व वेळ लिहून ठेवावी लागते. पुढे जबाबदारी कोणाची, हे ठरवताना हीच वेळ पाहिली जाते. त्यापाठोपाठ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार द्यावी. रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक आणि बँकेचे नाव हाताशी असल्यास पैसे पुढे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले, तेथे ते रोखून धरण्याचा प्रयत्न करता येतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार लवकर फिरवले जातात, म्हणून पहिल्या तासाला एवढे महत्त्व आहे.

घाईघाईत गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसलेला क्रमांक लावणे, ही या वेळी हमखास होणारी चूक आहे. असे अनेक क्रमांक ठगांनीच टाकलेले असतात आणि एकदा फसलेला माणूस त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा फसतो. कार्डमागचा क्रमांक आजच मोबाइलमध्ये आणि घरातल्या डायरीत लिहून ठेवावा. कार्ड हरवले, की मागचा क्रमांकही त्याच्याबरोबर जातो.

संदेशातला आकडाच वाचणे

ओटीपीचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो आणि आपण त्यातला ओटीपीचा आकडा तेवढा पाहतो. वास्तविक त्याच संदेशात रक्कम आणि ती कोणाला जाणार, त्या दुकानाचे नाव बहुतेक वेळा लिहिलेले असते. समोरचा लिमिट वाढवण्याविषयी बोलत असताना संदेशात ३८,४०० हा आकडा आणि एखाद्या विक्रेत्याचे नाव असेल, तर खरे काय आहे ते संदेश सांगतो, फोनवरचा माणूस नव्हे. व्यवहार रद्द करण्यासाठी, रिवॉर्ड पॉइंट्स वाचवण्यासाठी किंवा केवायसीसाठी फोनवर ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो, मग तो कितीही शुद्ध मराठीत बोलो आणि आपल्या कार्डचे शेवटचे चार आकडे अचूक सांगो. चार आकडे मिळवणे अवघड नाही, हे वयस्कर मंडळींना वारंवार सांगितले पाहिजे.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा शासकीय योजना अशा नावाने येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) तर ओटीपी विचारण्याचीही वेळ येऊ देत नाही. ती उघडून मागितलेली परवानगी दिली, की फोनवर येणारे संदेश परस्पर ठगाकडे जातात. अशी फाइल टाकली गेली असेल, तर प्रथम फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि मगच फोन साफ करून घ्यावा. स्क्रीनशॉट आणि संदेश मात्र पुसू नयेत, कारण पुरावा तोच असतो.

बंद ठेवता येण्यासारखे उघडे ठेवणे

ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून (कार्ड मशीनला नुसते टेकवून) होणारे व्यवहार सुरू-बंद करण्याची व मर्यादा ठरवण्याची सोय प्रत्येक कार्डाला असते. परदेशी व्यवहार गरज नसताना बंदच असावेत. टॅपच्या बाबतीत लोकांना गर्दीत कोणी खिशाजवळ मशीन आणील, याची भीती वाटते. मला कार्ड हरवण्याची भीती अधिक खरी वाटते, कारण ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत पाकीट गेले, तर आधी कार्ड ब्लॉक करावे आणि मग पाकीट शोधावे. जळगावच्या सराफ बाजारात किंवा महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये, आणि तिकीट काढून देणाऱ्या भाच्यालाही कार्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवू नयेत.

मोबाइल क्रमांक बदलल्यावर बँकेत तो न बदलणे, ही चूक लहान वाटते. प्रत्यक्षात सूचनाच मिळत नाहीत आणि बंद केलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या कोणाच्या हाती जातो.

तक्रारीनंतर

ग्राहकाने कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती परत जमा करावी आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढावे, असा नियम आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच आहे. तरीही पुढचे स्टेटमेंट बारकाईने पाहावे. मामांच्या स्टेटमेंटमध्ये वादातल्या रकमेवर व्याज लागले होते आणि लेखी हरकत घेतल्यावरच ते थांबले. स्वतः केलेल्या खर्चाचे पैसे मात्र वेळेवर भरावेत, नाहीतर त्यावर व्याज चढते आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणाऱ्या गुणांवर, परिणाम होतो तो वेगळाच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते.

महिन्याभराने मामांना पुन्हा फोन आला. या वेळी बोलणारा सायबर सेलचा होता म्हणे, आणि अडकलेले पैसे सोडवण्यासाठी चार हजार रुपये मागत होता. फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये फिरत असाव्यात, असे मला वाटते. १९३० वर तक्रार करण्यासाठी किंवा लोकपालाकडे दाद मागण्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही.