तिसरीच्या मुलांना स्वतःचं लिहायला कसं शिकवावं?

तिसरीच्या वर्गात ‘माझी आई’ हा निबंध दिला, की तीस वह्यांमध्ये एकच आई भेटते. ती पहाटे उठते, सगळ्यांचं सगळं करते आणि मला खूप आवडते. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सवय मुलांना आपणच लावलेली असते. बाराखडी आणि नेहमीची जोडाक्षरं येऊ लागली, की ही सवय मोडायला घ्यावी. मी वर्गात ते कसं करते, ते सांगते.

१. आधी बोलू द्या. विषय अगदी लहान निवडा. ‘पावसाळा’ नको, ‘काल शाळेतून घरी जाताना काय दिसलं?’ एवढं पुरे. शेजारी बसलेल्यांनी ते एकमेकांना सांगायचं, पाचेक मिनिटं. वर्गात गलका होईल, होऊ द्या. जे तोंडानं सांगून झालंय, तेच या वयात कागदावर उतरतं.

२. मग तीन-चार ओळी लिहायला सांगा. या वेळी मुलांच्या डोक्याशी उभं राहू नका. शब्द अडला तर जसा ऐकू येतो तसा लिहायचा, खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं. घरची बोली आली तर येऊ द्या. वऱ्हाडातलं मूल ‘मले’ लिहील, मालवणी बोलणारं ‘माका’ लिहील. प्रमाण मराठीतलं ‘मला’ त्याच्या शेजारी नंतर लिहून देता येतं. पहिल्याच ओळीला ‘हे चूक’ म्हटलं, तर मूल पुन्हा फळ्याकडे बघू लागतं.

३. प्रश्न विचारा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समजा, एकानं लिहिलं:

‘आमची शेळी व्याली. मला आनंद झाला.’

‘छान’ लिहून वही परत करू नका. त्याच्याजवळ बसा. करडं किती झाली? कुठल्या रंगाची? तू तेव्हा कुठे होतास? करडू उभं कसं राहिलं? तो भराभर सांगू लागेल. त्यावर एकच म्हणा, ‘आत्ता बोललास ना, तेच लिही.’ पेन्सिल मात्र त्याच्याच हातात राहू द्या. मग असं काही येतं:

‘आमची शेळी व्याली. दोन करडं झाली. एक काळं आहे. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. काळं उभं राहायचं आणि पडायचं. आजोबांनी त्याला पोत्यानं पुसलं.’

आनंदाचं वाक्य आपोआप गळालं. पोतं आणि पडणारं करडू आल्यावर त्याची गरज उरली नाही.

तीस मुलांजवळ एका तासात बसणं शक्य नसतं. रोज पाच जण घ्या. बाकीच्यांनी एकमेकांना ‘कोण, कुठे, कसं, मग काय झालं’ विचारायचं. महिन्याभरात ते सरावतात.

४. शुद्धलेखनाचा एका वेळी एकच नियम घ्या. लाल शाईनं भरलेलं पान बघून मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, कारण कमी लिहिलं की चुकाही कमी होतात. पहिला नियम सोपा निवडा: मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो. शेळी, पाणी, चाकू, लाडू. ‘आणि’ हा अपवाद मुलांना रोज लागतो, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्या आठवड्यात तेवढंच तपासा. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘मूल’ पण ‘मुलाला’ हे नंतर कधीतरी. ते चौथीत गेलं तरी बिघडत नाही.

श्रुतलेखन आणि अनुलेखन चालू राहू द्या. हात वळायला त्यांचा उपयोग होतो. त्यांचा तास मात्र वेगळा ठेवा.

५. मोठ्यानं वाचून घ्या. ज्याचं त्यानं उभं राहून वाचायचं. सुटलेला शब्द आपण दाखवण्याआधी मुलालाच अडतो. ते थांबतं आणि तिथेच उभ्या उभ्या भर घालतं. शुक्रवारी यातली चार-पाच पानं भिंतीवर लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे मधल्या सुट्टीत ती एकमेकांचं वाचतील.