परदेशात दीर्घ मुक्काम : निवृत्त पती-पत्नींनी व्हिसा कसा निवडावा

मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थिरावली आणि इकडे आई-वडील दोघेही निवृत्त झाले, की वर्षातले काही महिने तिकडे राहण्याचा विचार मुंबईतल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत सुरू होतो. मुलुंडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेली काही वर्षे मी अशा दांपत्यांना अर्ज भरण्यास मदत करतो. कोणत्या देशाचा व्हिसा लवकर मिळेल, हाच जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते सुरुवात वेगळ्या प्रश्नांनी करावी. सलग किती दिवस राहायचे, कोणाकडे राहायचे, आणि ती व्यक्ती तिथली नागरिक आहे, कायमची रहिवासी आहे की नोकरीच्या परवान्यावर आहे, या गोष्टी एका कागदावर लिहून काढल्या की पुढचे पर्याय दोन-तीनच उरतात.

त्याआधी एक फरक पक्का समजून घ्यावा. व्हिसावर छापलेली तारीख ही त्या देशाच्या दाराशी पोहोचण्याची शेवटची तारीख असू शकते; आत किती दिवस राहता येईल, हे बहुतेक वेळा त्या देशाचा नियम किंवा विमानतळावरील अधिकारी ठरवतो. अमेरिकेच्या पहिल्या खेपेला मी स्वतःच हा फरक लक्षात घेतला नव्हता. पासपोर्टवर 10 वर्षांचा व्हिसा होता, म्हणून परतीचे तिकीट निर्धास्तपणे दिवाळीनंतरचे काढले होते. एका रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाने आमची आय-94 ची, म्हणजे प्रवेश आणि मुक्कामाची मुदत दाखवणारी, सरकारी नोंद संगणकावर उघडली, तेव्हा आमच्या मुक्कामाची परवानगी तिकिटाच्या तारखेच्या 11 दिवस आधीच संपत असल्याचे दिसले. तिकिटे बदलण्याचा भुर्दंड सोसून आम्ही वेळेत परतलो. तसे केले नसते, तर त्या देशाच्या कायद्यानुसार आमचा 10 वर्षांचा व्हिसा तिथेच रद्द ठरला असता. मुदतीपेक्षा 180 दिवसांहून अधिक काळ राहून परतणाऱ्यांना 3 वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहणाऱ्यांना 10 वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते.

अमेरिकेत आई-वडिलांसाठी स्वतंत्र दीर्घ मुक्कामाचा व्हिसा नाही. बी-1/बी-2 या भेटीच्या व्हिसावर साधारणपणे एका वेळी 6 महिने मिळतात, आणि अडचण उद्भवल्यास मुदत संपण्यापूर्वी आय-539 हा अर्ज भरून वाढ मागता येते. पती-पत्नी एकत्र जात असले तरी डीएस-160 हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म प्रत्येकाचा वेगळा भरावा लागतो, आणि मुंबईत बोटांच्या ठशांसाठी एक फेरी व वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी दुसरी फेरी, असा हिशेब धरावा. सहा महिने तिकडे, दोन महिने इकडे आणि पुन्हा सहा महिने तिकडे, असा क्रम लावू नये. हे लोक इथे भेटीला येत नसून राहतच आहेत, अशी शंका अधिकाऱ्याला येते आणि त्या शंकेला उत्तर देणे फार कठीण जाते. मुले नागरिक असली आणि 21 वर्षांची झाली असली, तर ती आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतात. मात्र ग्रीन कार्ड हे तिथे कायमचे राहणाऱ्यांसाठी आहे. ते घेऊन वर्षातला मोठा काळ मुंबईत काढणाऱ्यांना प्रत्येक प्रवेशाच्या वेळी प्रश्नांना सामोरे जावे लागते, म्हणून ज्यांना इथले घर सोडायचे नाही त्यांनी त्या मार्गाला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

ब्रिटनची स्थिती याहून कडक आहे. तिथे 2, 5 किंवा 10 वर्षांचा भेटीचा व्हिसा मिळतो, पण प्रत्येक मुक्काम जास्तीत जास्त 6 महिन्यांचा असतो, आणि लागोपाठच्या भेटींतून तिथेच वास्तव्य केल्यासारखे होता कामा नये, असे नियमात लिहिलेले आहे.

सलग वर्षभर किंवा त्याहून अधिक राहायचे असेल, तर मुले कॅनडात असणाऱ्यांना सर्वांत मोठी सोय आहे. कॅनडाच्या नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना तिथला सुपर व्हिसा मिळू शकतो. तो 10 वर्षांपर्यंत वैध असतो, आणि जुलै 2022 पासून त्यावर एका प्रवेशात 5 वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे किंवा मुलीचे निमंत्रणपत्र, त्यांचे उत्पन्न कुटुंबाच्या संख्येनुसार ठरवलेल्या किमान रकमेइतके असल्याचा पुरावा, वैद्यकीय तपासणी आणि किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी जायचे असेल, तर कुटुंबाची संख्या वाढते आणि उत्पन्नाची अटही वाढते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी हप्त्याच्या आकड्याआधी जुन्या आजारांविषयीचे कलम वाचावे. किती महिन्यांत औषध किंवा त्याचा डोस बदललेला नसावा, हे त्यात लिहिलेले असते आणि दावा नेमका तिथेच अडतो.

ऑस्ट्रेलियात भेटीचा सबक्लास 600 हा व्हिसा 3, 6 किंवा 12 महिन्यांसाठी मिळतो. त्याच्या पत्रावर 8503 हा क्रमांक आहे का, हे आवर्जून पाहावे; तो असल्यास तिथे राहून दुसऱ्या बहुतेक व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही. याहून दीर्घ मुक्कामासाठी सबक्लास 870 हा पालकांचा तात्पुरता व्हिसा 3 किंवा 5 वर्षांचा असतो आणि एकूण 10 वर्षांपर्यंत घेता येतो. त्यात आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी मिळवावी लागते, आणि शुल्क प्रत्येकी हजारो डॉलरचे असल्याने दोघांचा खर्च मोठा होतो. न्यूझीलंडमध्ये आई-वडिलांच्या व आजी-आजोबांच्या भेटीच्या व्हिसावर एका वेळी 6 महिने आणि 3 वर्षांत मिळून 18 महिने राहता येते.

दुबईत किंवा अबुधाबीत नोकरी करणारी मुले उत्पन्नाच्या अटी पूर्ण करून आई-वडिलांना सहसा एकेका वर्षाचा रहिवासी व्हिसा काढून देतात. तिथून सलग 6 महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास तो सामान्यतः रद्द होतो. सिंगापूरमध्ये नोकरीच्या परवान्यावरील मुलाचा पगार दरमहा किमान 12,000 सिंगापूर डॉलर असेल, तर पालकांसाठी दीर्घ मुक्कामाचा पास मागता येतो. जर्मनीने 1 मार्च 2024 पासून, त्या तारखेनंतर प्रथमच कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना आणण्याची वाट मोकळी केली आहे. तिथे खरी कसोटी वयस्कांना पुरेसा आरोग्य विमा मिळवण्याची असते.

युरोपातील इतर देशांत फिरून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे तिथल्या अनेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, पुरतो, पण त्याचा हिशेब अनेकांना चकवतो. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दिवसही धरला जातो. 1 एप्रिलला प्रवेश केला, तर 29 जूनपर्यंत बाहेर पडावे लागते आणि त्यानंतर 28 सप्टेंबरपूर्वी पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. व्हिसा 2 वर्षांचा असला तरी ही मोजणी बदलत नाही.

मूल परदेशात नसतानाही स्वतःच्या पेन्शनवर बाहेर राहू इच्छिणारी दांपत्ये आता भेटू लागली आहेत. स्पेनच्या नोकरीविना निवासाच्या व्हिसासाठी 2025 च्या निकषानुसार अर्जदाराचे दरमहा 2,400 युरो आणि जोडीदाराचे 600 युरो इतके उत्पन्न किंवा तेवढी शिल्लक दाखवावी लागते. पोर्तुगालचा डी-7 व्हिसाही पेन्शन, भाडे आणि व्याज अशा उत्पन्नावरच मिळतो. थायलंडचा निवृत्तांचा व्हिसा 50 वर्षे पूर्ण झालेल्यांना मिळतो आणि त्यासाठी बँकेत 8 लाख बाट किंवा दरमहा 65,000 बाट उत्पन्न लागते, शिवाय दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. मॉरिशसही पन्नाशीपुढच्या निवृत्तांना 10 वर्षांचा निवास परवाना देते, आणि तिथे मराठी घराण्यांनी आपले सण जपलेले असल्याने आपल्या मंडळींना ते बेट परके वाटत नाही.

व्हिसा कोणताही असो, आपल्या पिढीच्या दांपत्यांचे घोडे अडते ते नावांवर. आमच्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत होती. माझ्या पत्नीचे नवे नाव ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिले गेले, आणि त्यानंतर शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’च्या पुढे तेच माहेरचे, आणि पासपोर्टवर तिसरीच जुळणी, अशी एकाच बाईची तीन नावे झाली. नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्रही नव्हते. लग्नानंतर 36 वर्षांनी आम्ही महापालिकेच्या विभाग कार्यालयात नोंदणीसाठी उभे राहिलो, तेव्हा कोपऱ्यावर हळदीचा डाग असलेली ती जुनी पत्रिका, लग्नातला एक फोटो आणि तीन साक्षीदार बरोबर होते. म्हणून व्हिसाचा फॉर्म उघडण्याआधी दोघांचे पासपोर्ट, आधार, पॅन आणि पेन्शनचे कागद शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. फरक असल्यास चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयामार्फत निघणाऱ्या राजपत्रात नावाच्या बदलाची नोंद करून घ्यावी, कारण साध्या प्रतिज्ञापत्राने प्रत्येक दूतावासाचे समाधान होत नाही. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवून पूर्ण नाव एकाच रकान्यात भरलेले असेल, तर तेही आधी दुरुस्त करावे. केवळ एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती भेटीचा व्हिसा देत नाही.

दीर्घ निवासाच्या व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्रावर बहुधा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, लागते. आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा त्याचा क्रम आहे. पोलिसांचा ना-हरकत दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागावा, पण तो ठरावीक महिन्यांपुरताच ग्राह्य धरला जात असल्याने अगदी सुरुवातीला काढून ठेवू नये.

मुलाखतीत अधिकारी का जात आहात, असे विचारतो तेव्हा ‘नातवंडांना सांभाळायला’ हे उत्तर आपल्या तोंडून सहज निघते, आणि त्याला ते कामासारखे वाटू शकते. मुलांबरोबर राहायचे आहे, नातवंडांचा सहवास हवा आहे आणि अमुक महिन्यात परत यायचे आहे, एवढे खरे तेच सांगावे. परतण्याचे कारण कागदांत दिसले पाहिजे : पेन्शनचे पासबुक, स्वतःच्या घराचे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, इथे असलेले दुसरे अपत्य. बँकेत अचानक भरलेली मोठी रक्कम मात्र फायद्याऐवजी शंकाच निर्माण करते.

निघण्याची तारीख ठरवताना दोन भारतीय तारखाही समोर ठेवाव्यात. पेन्शन चालू राहण्यासाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो; केंद्र सरकारच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो डिजिटल पद्धतीने करता येतो, मात्र त्याचा सराव मुंबईत असतानाच एकदा करून घ्यावा, आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक परदेशातही चालू राहील अशी व्यवस्था करावी. दुसरे म्हणजे एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिल्यास प्राप्तिकरासाठीचा रहिवासी दर्जा बदलू शकतो, आणि त्याचा परिणाम मुदत ठेवींवरील व्याजाच्या करकपातीवर होतो. आमच्या संघातल्या दांपत्यांना मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन्ही देशांतले दिवस वेगवेगळ्या रंगांनी खुणा करून मोजायला सांगतो, आणि तिकडे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघांच्या मुक्कामाची अंतिम तारीख स्वतंत्रपणे तपासून त्याच पानावर लिहून ठेवायला सांगतो, कारण एकाच रांगेतून आत गेलेल्या पती-पत्नींच्या तारखाही वेगळ्या निघू शकतात.